नळीविना रस्सा

आमच्या गॅरेजमधल्या फ्रीझरच्या झाकणावर दर नोव्हेंबरच्या शेवटी एक कागद लागतो. जाड मार्करने, माझ्या अक्षरात : 'रिपोर्ट येईपर्यंत हात लावू नये.' मराठीत लिहिते, म्हणजे मुलांचं वर्षभराचं मराठी वाचन निदान तेवढं तरी होतं. आत पांढऱ्या कागदातल्या पुड्या असतात. प्रत्येकीवर तारीख, तुकड्याचं नाव आणि एक नंबर. हरणाचं मांस, वीस-बावीस किलो. एक अख्खा रविवार आणि पुढच्या दोन रात्री खपून घरातल्या सगळ्यांनी मिळून सोललेलं, सोडवलेलं, साफ केलेलं. आणि मग दोन आठवडे त्याच्याकडे नुसतं बघायचं.

माझं माहेर कराडचं. तिथे मटण म्हणजे रविवारी सकाळी वडील स्टीलचा डबा घेऊन खाटकाकडे जायचे. "मांडीचं दे, चार नळ्या टाक, काळीज जरा ज्यादा" एवढं बोलणं, सत्तूर ओंडक्यावर दहा-बारा वेळा पडायचा आणि काम संपलं. आई डबा उघडून आधी नळ्या मोजायची. कमी आल्या तर खाटकाला नाही, वडिलांना बोलणी बसायची. मांसाला हात लावायचा तो धुण्यापुरता आणि हळद-मीठ चोळण्यापुरता. त्याआधी त्या जनावराचं काय काय झालं, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

आता आम्ही मॅडिसनला असतो, विस्कॉन्सिनमध्ये. शेजारी एक आजोबा राहतात, जन्म शेतावर गेलेला. त्यांच्या भावाची जमीन स्प्रिंग ग्रीनच्या बाजूला, विस्कॉन्सिन नदीच्या वरच्या टेकड्यांवर आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तिथला बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या नऊ दिवसांत ऑफिसात मीटिंग लावायची नाही, हे इथे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण पाळतात सगळे. आजोबांनी नवऱ्याला एकदा बरोबर नेलं, पुढच्या वर्षी परवाना काढायला लावला. इथे १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्याआधी सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. नवऱ्याचा जन्म १९७६ चा. त्यामुळे हा टक्कल पडायला आलेला माणूस बारा-तेरा वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसून बंदुकीचं तोंड कुठे धरू नये ते शिकला आणि परीक्षा पास होऊन आला. आमच्या मुलाला त्याचंच जास्त कौतुक.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "तुझ्या आज्जाकडं ठासणीची होती." माझे आजोबा पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात राहायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे सगळं बंद होण्याआधी गावातली माणसं हाका घालायची. भेकर नाहीतर रानडुक्कर मिळालं की वाटे पडायचे. बार टाकणाऱ्याला जास्त, हाकाऱ्यांना सारखे, कुत्र्याच्या मालकाला कुत्र्याचा वेगळा. आई तेव्हा परकरात होती. पळसाच्या पानांवर मांडलेले वाटे तिला आठवतात, आणि ते कधी विकल्याचं तिला आठवत नाही. विस्कॉन्सिनात रानातल्या हरणाचं मांस विकायला कायद्यानेच मनाई आहे. खा, द्या, पण पैसे घेऊ नका. हॉटेलात मिळतं ते पाळलेल्या हरणांचं. हे ऐकून आई म्हणाली, "मग बरोबर चाललंय त्यांचं."

रानातला भाग नवऱ्याचा आणि आजोबांचा. पोट साफ करून, काळीज आणि हृदय वेगळ्या पिशवीत घालून ते ट्रकमधून हरीण आणतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत शिकारीची नोंदणी करावी लागते, ती हल्ली फोनवर होते. गॅरेजचं दार वर सरकलं की माझं काम सुरू.

हरीण गॅरेजच्या तुळईला मागच्या पायांनी उलटं टांगतात. सोलायचं ते जमेल तितकं लवकर, अंगात ऊब आहे तोवर. गार पडलं की कातडं चिकटून बसतं. मी समजत होते सोलणं म्हणजे सुरीचं काम. सुरी फक्त सुरुवातीला. एकदा कड सुटली की मूठ आत घालून दाबत खाली यायचं, कातडं ओल्या गोधडीसारखं सुटत येतं. दोन जागी जपायचं. मागच्या पायांच्या सांध्याजवळ आतल्या अंगाला एक केसाळ, काळपट डाग असतो. ती वासाची ग्रंथी. तिला लागलेली सुरी मांसाला लावली तर तो वास रश्श्यापर्यंत येतो. दुसरं केस. हरणाचे केस आतून पोकळ असतात, थंडीत ऊब धरायला. ते मोडतात आणि मांसावर बसतात ते बसतातच. पाण्याने धुवायला गेलं की आणखी पसरतात. ओलसर फडक्याने एकाच दिशेने पुसत राहायचं. हे काम मुलीचं. ती एका बाजूने पुसते आणि दुसऱ्या बाजूने मी मागच्या आठवड्यात तिला काय बोलले त्याची उजळणी करते.

मग एक-दोन दिवस टांगून ठेवायचं. भिंतीवर थर्मामीटर असतो आणि त्याचा काटा चार अंशांच्या वर जाता कामा नये. सहसा जात नाही, नोव्हेंबरात आमचं गॅरेज म्हणजे फ्रीजच. पण एका वर्षी शनिवारी दुपारी बाहेर बारा अंश झाले, लोक अर्ध्या बाह्यांवर फिरायला लागले आणि आम्ही चौघं रात्री दोनपर्यंत बल्बखाली मांस सोडवत बसलो. त्या रात्री सुरीला धार का लागते ते मला बोटाला लागून कळलं. बोथट सुरी घसरते, धारदार सुरी जाते तिथे जाते.

आता खरी गोष्ट हाडांची. खाटकाचा सत्तूर आडवा चालतो. हाड, मांस, चरबी सगळं एका घावात, म्हणून प्रत्येक तुकड्याला हाड लागलेलं, आणि रश्श्याला चव त्या हाडाची. इथे एकही हाड तोडायचं नाही. करवत लावायची नाही, कणा चिरायचा नाही. सगळं मांस उभं, हाडाच्या कडेकडेने सोडवायचं. कारण २००२ मध्ये इथून जवळच, माउंट होरेबच्या आसपासच्या हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा रोग सापडला. हरणाच्या मेंदूला हळूहळू भोकं पाडणारा. तो जंतूने होत नाही, प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो. ते शिजवून मरत नाही, कारण मरायला ते मुळात जिवंतच नाही. माणसाला त्यापासून रोग झाल्याची सिद्ध झालेली एकही नोंद नाही. तरी रोगट निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नका, असं आरोग्य खात्याचं सांगणं आहे, आणि मेंदू, कणा, प्लीहा, गाठी यांना सुरी लावू नका असंही. म्हणून मुंडकं मानेच्या चारेक इंचांसकट तपासणीच्या पेटीत टाकायचं. घशामागच्या गाठी काढून प्रयोगशाळेत बघतात. पैसे पडत नाहीत, वेळ पडतो. तोवर तो कागद झाकणावर.

त्यामुळे आमच्याकडे मुंडी नाही, नळी नाही. आणि काळीज त्याच दिवशी तव्यावर नाही. आजोबांच्या लहानपणी शिकारीच्या रात्री काळीज-कांदा हा ठरलेला बेत असायचा. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नाहीत, फ्रीझरकडे बघतात.

पण हाड तोडायचं नाही म्हटल्यावर जनावराची बांधणी कळायला लागते. पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नसतो! नुसता मांसाने चिकटलेला. पाय बाहेर ओढून बगलेत सुरी फिरवली की अख्खा फरा हातात येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं मी काहीतरी मोडलं. कण्याच्या दोन्ही अंगांनी मानेपासून कमरेपर्यंत दोन लांब पट्टे असतात, बॅकस्ट्रॅप म्हणतात त्यांना. ते सुरीच्या टोकाने मणक्याला घासत घासत सोडवायचे. टोक हाडावर खरखरतं, तो आवाज आला म्हणजे मांस वाया जात नाहीये. मागच्या मांडीत प्रत्येक स्नायूला स्वतःचं पातळ कवच असतं आणि दोन स्नायूंच्या मधे एक पांढरी रेघ. त्या रेघेत बोट घातलं की स्नायू संत्र्याच्या फोडीसारखे सुटे होतात. मी वीस वर्षं मांडीचं मटण खाल्लं, पण मांडीत काय काय असतं ते गॅरेजमध्ये कळलं.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि खरं काम तेच. मांसावरची चंदेरी पापुद्र्यासारखी शीर काढायची, कारण ती कितीही शिजवली तरी रबर. आणि चरबी काढायची. आपण मटणाच्या चरबीवर जीव टाकतो, पण हरणाची चरबी मेणासारखी. घास गार झाला की टाळूला थर बसतो आणि चहा प्यायल्याशिवाय जात नाही. पहिल्या वर्षी मी ती ठेवली. कराडची सवय. रश्श्यावर पिवळी तर्री येईल म्हणून वाट बघितली आणि आला तो मेणबत्तीचा तवंग.

त्याच वर्षी खिम्याचीही फजिती झाली. मोटरवरचं यंत्र आणलं, कोमट मांस, शिरा न काढता, घाईने घातलं. दोन मिनिटांत शिरा पात्याभोवती दोऱ्यासारख्या गुंडाळल्या आणि खिम्याऐवजी लापशी बाहेर यायला लागली. आजोबा बिअरचा कॅन हातात धरून शांतपणे म्हणाले, "आधी अर्धवट गोठवायचं असतं." हे त्यांनी यंत्र सुरू करायच्या आधीही सांगता आलं असतं. आता तुकडे ताटात पसरून तासभर फ्रीझरमध्ये ठेवतो, यंत्राचं पातंही. मांस कडक झालं की खिमा सुटा, दाणेदार पडतो. त्यात पाचवा हिस्सा डुकराची चरबी मिसळतो. आई हे ऐकून तोंड वाकडं करते आणि कबाब मात्र दोन जास्त घेते.

आई तीन वर्षांपूर्वी सहा महिन्यांसाठी आली. सामानात चटणी, येसूर, आणि टॉवेलात गुंडाळलेली विळी. स्टीलचं पातं, बाभळीचा पाट. मी म्हटलं, "आगं, इथं सुऱ्या मिळतात." म्हणाली, "मिळूदेत की."

रविवारी गॅरेजमध्ये रेडिओवर पॅकर्सचा सामना लागलेला, टेबलाभोवती आम्ही वाकून शिरा तासतोय, आणि आई खुर्चीवर अवघडून बसलेली. पंधरा मिनिटं तिने बघितलं. मग उठली, आतून विळी आणली, जमिनीवर पुठ्ठा अंथरून त्यावर प्लास्टिक घातलं, स्वेटरवर स्वेटर घालून बसली आणि पाट पायाखाली दाबला. "जावईबापू, तो तुकडा द्या हिकडं." सुरी हातात असते तेव्हा दुसऱ्या एकाच हाताने मांस धरावं लागतं. विळी पायाने धरलेली असते, दोन्ही हात मोकळे. तिने शिरेचं टोक चिमटीत पकडलं, पात्याला लावलं आणि मांस पुढे न ढकलता शीर मागे ओढली. पापुद्रा अखंड सुटून आला, मांसाचा कणही त्याला नाही. आम्ही तिघं मिळून करत होतो त्याच्या दुप्पट तिने एकटीने केलं. आजोबांनी रेडिओ बारीक केला आणि खाली वाकून पात्याचा कोन बघितला. नंतर त्यांनी विचारलं, हे कुठे मिळतं. आईने मला विचारलं, ते काय म्हणाले. मी सांगितल्यावर म्हणाली, "त्यांना म्हणावं, गुडघं कसे हायत तुमचे?"

संध्याकाळी तिने वाटे घातले. आम्ही आपले पुड्या बांधून आजोबांच्या पिशवीत थोड्या, आमच्या फ्रीझरमध्ये थोड्या, असं करायचो. आईला ते पटेना. तिने टेबलावर चार ढीग केले आणि प्रत्येकात बॅकस्ट्रॅपचा तुकडा, मांडीचा, फऱ्याचा, मानेचा, असं सगळं थोडं थोडं घातलं. ज्यांची जमीन त्यांचा एक, आजोबांचा एक, आमचा एक. चौथा कुणाचा? "कुत्र्याचा." आजोबांकडे कुत्रं होतं, म्हातारं, शिकारीला कधीच न नेलेलं. तरी वाटा पडला. त्यातून आजोबांनी कुत्र्याला किती दिलं ते मी विचारलं नाही.

त्याच वर्षी चूक झाली, आणि ती माझी. आजोबांनीही हरीण मारलं होतं, दोन्ही आमच्याच गॅरेजला टांगलेली. पुड्यांचे नंबर नीट टाकले, पण खिम्याच्या वेळी रात्रीचे अकरा वाजलेले, यंत्र दुसऱ्यांदा धुवायचा कंटाळा आला आणि मी दोन्ही हरणांचे बारके तुकडे एकत्र घातले. मांस ते मांस, असं म्हणाले. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. आजोबांचं हरीण चांगलं. आमचं रोगट. दिसायला ते धडधाकट होतं, पाठीवर चरबीचा जाड थर होता. सुरुवातीला कुठलंच हरीण आजारी दिसत नाही.

आमचे एकोणीस किलो गेले ते गेले. पण मिसळलेल्या खिम्यात आजोबांचाही माल होता, आणि वाट्यांमुळे आमचं मांस त्यांच्या घरी आणि त्यांच्या भावाकडेही पोहोचलं होतं. मी पिशवी घेऊन दोन घरं फिरले आणि पुड्या परत गोळा केल्या. दिलेला वाटा परत मागायला जाणं हा प्रकार आमच्या घराण्यात आधी कुणी केला नसेल. आजोबांनी दार उघडलं, पुड्या आणून दिल्या, माझ्याबरोबर मोजल्या, आणि म्हणाले की त्यांच्या धाकट्या भावाने २००२ नंतर तीन वर्षं बंदूक कपाटात ठेवली होती. मला धीर द्यायला म्हणाले की नुसतंच म्हणाले, ते कळलं नाही. सगळं दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात, तिथून जमिनीत गाडायच्या जागी. रानात टाकायचं नाही, दुसरी हरणं येतात.

मग भांडी. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की घरगुती ब्लीचचं ४० टक्के द्रावण पाच मिनिटांत स्टीलच्या पृष्ठभागावरचे हे प्रिऑन निकामी करतं. मांसाचा कण चिकटून राहिला तर मात्र त्याच्या आत ते पोहोचत नाही. म्हणजे आधी घासून घासून स्वच्छ, मग द्रावण. यंत्र सुटं केलं, सुऱ्या, ताटं, सगळं बुडवलं. लाकडाच्या भेगांचं काय करणार? कापायची फळी टाकली. आणि विळीचा पाट.

आईला सांगायला दोन दिवस लागले. ती म्हणाली, "पातं ठेव, पाट दुसरा कर." नवऱ्याने मेपलच्या फळीचा केला, जरा जास्तच गुळगुळीत. आई बसली आणि पाट पायाखालून सरकला. मग त्याने खालून रबर लावलं. आई परत गेली ती विळी इथेच ठेवून.

आता आमचा नियम सोपा आहे. एका हरणाला एक ताट, एका रंगाचा मार्कर, आणि यंत्र मधे धुतल्याशिवाय दुसरं नाही, वाजले कितीही असोत. वाटे रिपोर्टनंतर. २०२५ मध्ये खंडोबाचं षड्रात्र जवळजवळ सगळं हंगामाच्या नऊ दिवसांत आलं. आईचा फोन, "षड्रात्रात करू नकोस गं." म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत नाहीतरी करता येत नाही. "बरं हाय," ती म्हणाली, "सरकारच पाळायला लावतंय."

रिपोर्ट चांगला आला तो मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी. म्हणजे आणखी एक दिवस.

शुक्रवारी संध्याकाळी मी हलाल दुकानातून बोकडाची हाडं आणली. नळ्या, गुडघे, थोडी मान. कुकरमध्ये त्यांचं अळणी काढलं, आलं-लसूण, हळद, मीठ, बस्स. हरणाचं मांस दही लावून सकाळपासून ठेवलेलं. त्याला रानाचा एक लोखंडासारखा वास असतो, तो दह्याने उतरतो. ते मंद आचेवर वेगळं शिजवलं, कारण त्यात चरबी नाही आणि घाई केली की वाळतं. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण, कराडची चटणी, येसूर, आणि वरून उसन्या हाडांचं ते पाणी. तर्री आली, आता तेलाची का होईना.

आजोबा ब्रेड घेऊन आले होते. मुलाने वाटीत चमचा घातला आणि तो हाडाला लागला. त्याने नळी उचलून दिव्याकडे धरली, एका टोकाने आत बघितलं.

"ही आपल्या हरणाची?"

"नाही, बोकडाची."

"मग मला की," म्हणाला आणि ताटाच्या कडेवर ठोकायला लागला.